घर गांवांत कीं गांवाबाहेर?

जामखेडसारख्या तालुक्याच्या गांवीं घराचा सौदा निघाला म्हणजे किंमतीच्याहि आधीं एक प्रश्न विचारला जातो : "घर गांवांत आहे कीं गांवाबाहेर?" विकणारा म्हणतो, "गांवांतच कीं! बाजार हांकेच्या अंतरावर आहे." घेणारा म्हणतो, "ओढा ओलांडला कीं गांव संपलें." मध्यस्थ दोघांच्याहि बोलण्याला मान डोलावतो. गंमत अशी कीं, तिघेहि आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात. कारण गांव कोठें संपतें, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीं. लोकांच्या बोलण्यांतलें गांव निराळें, महसुली दप्तरांतलें निराळें, नगरपरिषदेचें निराळें आणि टपालखात्याचें आणखी निराळें. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक या सौद्यांत ओतली जाणार, त्याला यांपैकीं कोणती हद्द आपल्या पैशाला लागू आहे, हें बहुधा खरेदीखत झाल्यावर कळतें. तोंवर फार उशीर झालेला असतो.

मराठी मुलखांतील जुनी भाषा या बाबतींत मोठी नेमकी होती. घरें वसलीं ती पांढरी, पीक निघालें ती काळी, आणि दोहोंस मिळून जें एक गांव झालें त्याची कड म्हणजे शीव. पांढरीला आज सरकारी दप्तरांत गांवठाण म्हणतात. पांढरीभोंवती कूस असे, आणि कुसाच्या आंत कोण व बाहेर कोण हें ठरलेलें असे. हा भेद केवळ जागेचा नव्हता. कांहीं माणसांना दूर ठेवण्याचाहि तो होता. आज कूस पडून गेलें, परंतु "गांवांतलें घर" आणि "बाहेरची वस्ती" या शब्दांना जी निरनिराळी किंमत बाजारांत येते, तिच्यांत सोयीगैरसोयीबरोबरच त्या जुन्या भेदाची छायाहि कोठें कोठें असते, हें विसरून चालणार नाहीं.

हद्दीचें महत्त्व जामखेडला कोणी नव्यानें शिकवावयास नको. याच तालुक्यांतील खर्ड्यापाशीं १७९५ सालीं मराठे व निजाम यांची लढाई झाली. पुढें इंग्रजी अमलांत जामखेड तालुका मुंबई इलाख्यांत राहिला, आणि शेजारचे आष्टी, पाटोदें, भूम हे भाग निजामाच्या राज्यांत राहिले. तालुक्याची शीव ओलांडली कीं राज्य बदले, नाणें बदले, कचेरी बदले. शेजारशेजारच्या दोन गांवांतील सारख्याच दोन घरांचे कागद दोन सरकारांच्या कायद्यांनीं होत असत. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. राज्यांमधली ती रेषा पुसली गेली. दप्तरांमधल्या रेषा मात्र राहिल्या, आणि घर घेणाऱ्याची गांठ आज त्यांच्याशींच पडते.

या रेषांपैकीं पहिली गांवठाणाची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा व ती वेळोवेळीं बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. गांव वाढत जातें, घरें पुढें सरकतात, पण ही हद्द आपोआप सरकत नाहीं. म्हणून असें होतें कीं, तीस वर्षें जेथें लोक राहत आहेत, दुकानें आहेत, दिवे आहेत, तें घर कागदावर एखाद्या शेताच्या गट नंबरांत असतें. घर गांवठाणांत असेल आणि तेथें भूमापन झालेलें असेल, तर त्याला मिळकत पत्रिका मिळते. घर बाहेर असेल तर सात-बाराचा उतारा पाहावा लागतो, जमीन अकृषिक झाली आहे कीं नाहीं हें शोधावें लागतें, आणि जमिनीचे तुकडे पाडण्यास आळा घालणाऱ्या १९४७ च्या कायद्याची अडचण तेथें उभी राहूं शकते. संहितेंत मागाहून घातलेल्या कलम ४२-ड नें गांवठाणाच्या कडेपासून २०० मीटरांच्या पट्ट्यांतील जमिनींना, प्रादेशिक योजनेच्या अटींवर, अकृषिक मानण्याची सवलत दिली. म्हणजे घर पट्ट्याच्या अलीकडे कीं पलीकडे, यावर बांधकामाची वाट ठरूं लागली. हे नियम वारंवार बदलत आले आहेत. म्हणून कागद करावयाच्या दिवशीं कोणता नियम चालू आहे, हें तहसील कचेरींत विचारूनच पुढें जावें.

दुसरी रेषा स्थानिक संस्थेची. जामखेडला पूर्वीं ग्रामपंचायत होती; आतां नगरपरिषद आहे. अशा बदलानें घर जागचें हलत नाहीं, परंतु त्याची घरपट्टी, त्याच्या बांधकामाची परवानगी आणि त्याच्या खरेदीवरील मुद्रांकशुल्काचा दर हीं सर्व बदलूं शकतात; कारण हा दर ग्रामपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका यांच्या हद्दींत सारखा नसतो. येथें एक गैरसमज विशेष जपून टाळावयास हवा. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्यें किंवा नगरपरिषदेच्या करवहींत नांव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाहीं. तो कराचा कागद आहे, हक्काचा नव्हे. "वीस वर्षें घरपट्टी भरतों" हें वाक्य ऐकावयास भारदस्त वाटतें. पण त्यावर विसंबून पैसे मोजणें धोक्याचें आहे.

हद्द वाढली म्हणजे काय होतें, याचें मोठें उदाहरण पुण्याचें आहे. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं २३ गांवें घेतलीं गेलीं. शहरांत आल्यानें पाणी, रस्ते व गटारें मिळतील या आशेनें तेथील घरांचे भाव बोलले जाऊं लागले. कराची मागणी मात्र सोयींच्या आधींच दारीं आली, अशी रहिवाशांची तक्रार होती. पहिल्या ११ गांवांपैकीं फुरसुंगी व उरुळी देवाची हीं दोन गांवें पुढें महानगरपालिकेंतून वगळण्यांत आलीं आणि २०२४ सालीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र नगरपरिषद करण्यांत आली. ज्यानें मधल्या काळांत "महानगरपालिकेंतलें घर" म्हणून अधिक किंमत दिली, त्याच्या घराभोंवतीची हद्दच निघून गेली. दिलेला पैसा मात्र परत आला नाहीं.

तिसरी रेषा डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं, पण खिशाला सर्वांत आधीं जाणवते. मुद्रांकशुल्क आकारण्यासाठीं नोंदणी व मुद्रांक विभाग बाजारमूल्याचे दरतक्ते तयार करतो. त्यासाठीं गांवाचे व शहराचे मूल्यविभाग पाडलेले असतात, आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचीं घरें दोन निरनिराळ्या विभागांत पडूं शकतात. शुल्क आकारतांना ठरलेली किंमत आणि तक्त्याप्रमाणें येणारी किंमत यांपैकीं जी अधिक, ती धरली जाते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका निवृत्त कारकुनानें आपलें घर एका शिक्षिकेला २० लाख रुपयांस देण्याचें ठरविलें. घर मुख्य रस्त्यापासून आंत, अरुंद बोळांत आहे, म्हणून दोघांनाहि ही किंमत योग्य वाटली. परंतु त्या घराचा क्रमांक रस्त्याकडील विभागांत मोडतो, आणि तक्त्याप्रमाणें त्याची किंमत २५ लाख येते. आतां शिक्षिकेला शुल्क २५ लाखांवर भरावें लागतें. दोन्ही किंमतींतील अंतर दहा टक्क्यांहून अधिक असल्यामुळें आयकराच्या हिशेबांत कारकुनाला मिळालेली किंमतहि २५ लाखच धरली जाऊं शकते, आणि वरचे ५ लाख शिक्षिकेच्या उत्पन्नांत मिळविले जाऊं शकतात. जे ५ लाख कोणी दिले नाहींत व कोणी घेतले नाहींत, त्यांवर दोघांनाहि कराची झळ लागते; आणि याला कारण एवढेंच कीं, नकाशावरील एक रेषा बोळाच्या पलीकडून गेली आहे. यावर उपाय आहे, पण तो कागद होण्यापूर्वींचा आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ अन्वयें मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे आधीं अर्ज करून किती शुल्क लागेल याचा निर्णय मागतां येतो, आणि घराची खरी स्थिती त्यांच्यापुढें मांडतां येते.

चौथी रेषा टपालाची. पिन क्रमांकाची पद्धत भारतांत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि ती बसविणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवीहि होते. पत्र कोणत्या वाटेनें लवकर पोंचेल एवढाच त्या क्रमांकाचा हेतु. जिल्ह्याची शीव दाखविणें हा नव्हे. जामखेडचा क्रमांक ४१३२०१, म्हणजे त्याचे पहिले तीन आंकडे सोलापुराचे. अहिल्यानगर शहराचा मात्र ४१४००१. उलट शेजारचें आष्टी बीड जिल्ह्यांत असून त्याचा क्रमांक ४१४२०३, म्हणजे नगरच्या घराण्यांतला! पुण्याची सदाशिव पेठ व नारायण पेठ या दोन पेठा निराळ्या, पण क्रमांक एकच, ४११०३०. म्हणून पत्त्यांतील पिन क्रमांक पाहून "हें घर अमक्या हद्दींतलें" असा निष्कर्ष काढणें म्हणजे पोस्टमनच्या पिशवीवरून जमिनीची मोजणी करण्यासारखें आहे.

मुलांच्या शाळेसाठीं घर बदलणाऱ्यांना आणखी एक हद्द लागते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यांत शेजारच्या शाळेची कल्पना आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पांचवीसाठीं १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठीं ३ किलोमीटर असें तें अंतर धरलें आहे. येथें वस्तीच्या नांवाला महत्त्व नाहीं. महत्त्व अंतराला आहे. "शाळा याच कॉलनींत मोडते" हें विक्रेत्याचें आश्वासन कितीहि मनापासून दिलेलें असलें, तरी अंतर मोजल्याशिवाय त्याचा उपयोग नाहीं. तीच गोष्ट निवडणुकीच्या प्रभागांची. प्रभागांच्या सीमा नव्या रचनेबरोबर बदलतात. आज एका प्रभागांत असलेली गल्ली पुढील निवडणुकींत दुसऱ्यांत जाईल. प्रभागाच्या नांवावर घराची किंमत ठरविणें हें वाळूवर रेघ ओढण्यासारखें होय.

राहिली ती शेवटची रेषा, लोकांच्या तोंडची. ही कोणत्याहि नकाशांत नाहीं, तरी भाव तीच ठरविते. चांगल्या नांवाची वस्ती हळूहळू फुगत जाते. भोंवतालचे लोक आपलें घर तिच्यांतच धरूं लागतात. वाईट नांवाची वस्ती तशीच आकसत जाते. तिच्यांत राहणारा माणूससुद्धां "आम्ही जरा अलीकडे राहतों" असें म्हणतो. हें सर्व जगभर चालतें. अमेरिकेंत शिकागो शहराचे १९२० च्या दशकांत तेथील विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञांनीं अभ्यासासाठीं विभाग पाडले. त्यांत एजवॉटर ही वस्ती अपटाऊन या विभागांत घातली गेली. पुढें अपटाऊनची पत घसरली, तेव्हां त्या नांवामुळें आपल्या घरांचीहि पत जाते असें एजवॉटरच्या लोकांना वाटूं लागलें. त्यांनीं खटपट केली आणि १९८० सालीं एजवॉटर हा स्वतंत्र विभाग मान्य करून घेतला. एक वीट न हलवितां केवळ नांवाची हद्द बदलण्यासाठीं माणसें इतके कष्ट घेतात, यावरूनच त्या नांवांत किती पैसा गुंतलेला असतो हें दिसून येईल.

नांव फुगवून सांगण्याला कायद्यानें आतां कांहीं लगाम घातला आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा व त्याखालीं २०१७ सालापासून काम करणारें महारेरा प्राधिकरण यांमुळें, ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. त्या वेळीं प्रकल्पाच्या जागेची आंखणी व तिच्या टोंकांचे अक्षांश-रेखांशसुद्धां द्यावे लागतात. जाहिरातींतील खोट्या मजकुरावर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचें नुकसान झालें, तर कायद्याच्या कलम १२ नें त्यास भरपाई मागतां येते. मात्र हें संरक्षण नव्या प्रकल्पांना आहे. एका गृहस्थानें दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घराला तें लागू नाहीं. आणि जामखेडसारख्या गांवांतले पुष्कळ सौदे याच जातीचे असतात. तेथें ज्याचें त्यानेंच जपावें लागतें.

मग जपावें तें कसें? १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २१ मध्यें याचें उत्तर शतकापूर्वींच दिलेलें आहे. मिळकत ओळखतां येईल असें वर्णन दस्तांत असल्याखेरीज तो नोंदणीस घेऊं नये, असें तें कलम म्हणतें. शहरांतलें घर असेल तर तें कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यांत पूर्वीं कोण राहत होतें व आतां कोण राहतें, आणि नंबर असल्यास तो कोणता, हें लिहावयाचें. आपल्याकडे चतुःसीमा लिहिण्याची जी जुनी चाल आहे ती हीच. वस्तीचें नांव कितीहि बदललें तरी चतुःसीमा घराला जागेवर बांधून ठेवते. वर्णनांतील क्षेत्रफळ व चतुःसीमा यांचा मेळ बसेनासा झाला, तर स्पष्ट व निश्चित चतुःसीमेला अधिक वजन देण्याकडे न्यायालयांचा सर्वसाधारण कल असतो. म्हणून ती कामचलाऊ लिहूं नये. "पूर्वेस अमक्यांचें घर" एवढेंच लिहिलें, तर तें घर विकलें जातांच पूर्व दिशा हरवते. शेजारच्या मिळकतीचा नंबर, रस्त्याचें नांव व त्याची रुंदी हीं त्यांत यावींत.

घेणाऱ्यानें निदान इतकें करावें : सात-बारा अथवा मिळकत पत्रिका, करवहींतील नोंद आणि जुनें खरेदीखत हे कागद शेजारीं शेजारीं ठेवून त्यांतील नंबर, क्षेत्र व चतुःसीमा एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. घर कोणत्या मूल्यविभागांत येतें हें दुय्यम निबंधकाच्या कचेरींत विसाराच्या आधीं विचारावें. घरासाठीं कर्ज काढावयाचें असेल, तर याच कागदांवर बँक तें देईल कीं नाहीं, हेंहि विसारापूर्वींच विचारून घ्यावें. कारण बँक वस्तीच्या नांवावर कर्ज देत नाहीं, कागदावर देते. विकणाऱ्यानेंहि यांत आपलें हित पाहावें. भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मोजणी करून घेतली व तिच्या नकाशाची क प्रत हातीं ठेवली, तर घासाघीस कमी होते आणि पुढें दाव्याची भीति राहत नाहीं. कागद स्वच्छ असलेलें बाहेरचें घर, कागद संशयित असलेल्या गांवांतल्या घरापेक्षां पुष्कळदां लवकर विकलें जातें.

नवें साधनहि हातीं येत आहे. गांवठाणांतील घरांचें ड्रोनच्या साहाय्यानें भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग महाराष्ट्रांत पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं झाला, आणि केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झाली. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांना करवहीपलीकडे कागद नव्हता, त्यांना त्यामुळें नकाशावर जागा मिळूं लागली. परंतु आकाशांतून काढलेल्या चित्रांत भिंत दिसते. ती कोणाची हें दिसत नाहीं. चौकशीच्या वेळीं घरमालक व शेजारी जागेवर हजर राहिले नाहींत, तर चुकीची रेषाच पक्की होण्याचा संभव असतो.

नांवें तर बदलतच राहणार. ज्या तालुक्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, त्याचा जिल्हाच २०२४ सालीं अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. जुन्या खरेदीखतांत एक नांव व नव्यांत दुसरें राहील; तरी ज्या दस्तांत गट नंबर बरोबर आहे व चारी दिशा नीट लिहिल्या आहेत, त्याला त्यानें रेसभरहि धक्का लागणार नाहीं. घर घेणाऱ्यानें वस्तीचें नांव अवश्य ऐकावें, शेजार पाहावा, गल्लींतून दोन वेळां फिरून यावें. राहावयाचें तेथेंच आहे. मात्र विसाराचा पहिला रुपया मोजण्यापूर्वीं विक्रेत्याला एवढेंच विचारावें कीं, "या घराच्या चारी बाजूंस काय काय आहे तें कागदावर दाखवा." तें दाखवितां येत नसेल, तर घर गांवाच्या ऐन मध्यावर असलें तरी सौदा थांबवावा.